आंब्याच्या देठातला खोटा शिक्का

चैत्राची अखेर होऊन वैशाखाचे ऊन तापू लागले, की तुर्भ्याच्या फळबाजारात, ज्याला मुंबईकर आणि कोकणातले बागायतदार दोघेही वाशी मार्केट म्हणूनच ओळखतात त्या आवारात, मुंबई-गोवा महामार्गाने रात्रभर धावून आलेल्या गाड्यांतून हापूसच्या पेट्या उतरू लागतात. आणि पेटीची फळी उचकटून वरचा पेंढा बाजूस सारल्यावर जाणत्या माणसाची नजर फळाच्या रंगावर क्षणभरही न रेंगाळता थेट त्याच्या देठाकडे वळते. रंग फसवतो, वासही कधी कधी फसवतो, परंतु देठाच्या खोबणीभोवती फिकट तपकिरी, पाण्याने भिजल्यासारखे दिसणारे एखादे वर्तुळ उमटले असेल, तर त्या फळाचे आयुष्य आता दिवसांत नव्हे तर प्रहरांत मोजावे लागेल, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. ते वर्तुळ देठाकडून खाली पसरत जाते, कडा नागमोडी होते, रंग तपकिरीचा काळा होतो, सालीखालचा गर मऊ पडून त्याला आंबूस वास सुटतो, आणि दोन-तीन दिवसांत निम्मे फळ काळे पडते. व्यापारी अशा फळाला ‘डागी’ म्हणून बाजूला टाकतो. शास्त्रज्ञ या रोगाला देठकूज म्हणतो.

येथे एक खुलासा करून ठेवणे इष्ट. हापूसचा जो अधिक बदनाम दोष, म्हणजे साका, त्याच्याशी या कुजीचा काही संबंध नाही. साका हा फळाच्या अंतर्गत शरीरक्रियेतला बिघाड असून तो बाहेरून दिसत नाही; फळ कापावे तेव्हाच आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर आढळतो, आणि गिऱ्हाइकाची फिर्याद सुरू होते. देठकुजीचा कर्ता मात्र सजीव आहे, त्याला नाव आहे, त्याची वंशावळ आहे आणि त्याचे पूर्वचरित्रही बऱ्यापैकी नोंदलेले आहे.

लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी हे त्या बुरशीचे नाव. १८९२ साली पातुयार या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने इक्वेडोरमधील कोकोच्या झाडावरून तिचे प्रथम वर्णन केले, आणि कोकोच्या शास्त्रीय नावातला एक तुकडा तिला कायमचा चिकटला. वस्तुतः उष्ण कटिबंधातील वनस्पतींच्या सुमारे पाचशे जातींवर तिचा वावर नोंदलेला असून आंबा, काजू, नारळ, केळी, द्राक्ष, पपई अशी आपल्या ओळखीची बरीच मंडळी त्यांत आहेत. प्रयोगशाळेत बटाट्याच्या अर्कावर तिला वाढू दिले, तर दोन-तीन दिवसांत ती सबंध काचतबकडी व्यापून टाकते. आरंभी कापसासारखी पांढरी, मग राखी, मग जवळजवळ काळी. तिचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कोवळेपणी ते पारदर्शक व एकपेशीय असतात, पण पक्व झाल्यावर त्यांच्या मध्ये आडवा पडदा पडतो, रंग गडद तपकिरी होतो, आणि पृष्ठभागावर उभ्या रेघा उमटतात. अलीकडे जनुकीय तपासणीची साधने आल्यापासून असेही आढळले, की जिला आपण इतकी वर्षे एक जात समजत होतो, ती प्रत्यक्षात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचे एकत्र कुटुंब आहे. बुरशीशास्त्राच्या दफ्तरात अशी खातेफोड नेहमीच चालू असते.

या बुरशीच्या चुलत घराण्याचा एक कज्जा भूमध्य समुद्राच्या काठी, ओकच्या वनांत, बराच काळ चालला आहे, आणि आंब्याच्या देठात काय घडते ते नीट समजून घ्यावयाचे तर प्रथम तिकडे जावे लागते. ओक हा वृक्ष आपल्या सह्याद्रीत नाही. गढवाल-कुमाऊंच्या उतारांवर त्याची बांज नावाची जात आहे, पण दक्षिण भारतात तो निसर्गतः उगवत नाही. पोर्तुगाल, स्पेन, इटलीचे सार्डिनिया बेट आणि उत्तर आफ्रिकेचा किनारा येथे त्याची जी जात वाढते, तिच्या जाड सालीपासून बाटल्यांची बुचे होतात. (आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जे बुचाचे झाड म्हणून लावतात, त्या लांब नळीच्या पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झाडाचे कूळ अगदी निराळे, त्याचा या ओकशी काही आप्तसंबंध नाही.) ओकची साल दर नऊ ते बारा वर्षांनी कुऱ्हाडीने सोलून काढतात. झाड मरत नाही, नवी साल धरते. परंतु सोललेले खोड काही दिवस उघडे, ओले आणि निराधार राहते, आणि त्या संधीची वाट पाहणाऱ्यांत डिप्लोडिया कॉर्टिकोला ही बुरशी अग्रभागी असते. तिने शिरकाव केला, की सालीवर भेगा व खोल व्रण पडतात, फांद्यांचे शेंडे वाळू लागतात, आणि त्यात अवर्षणाची दोन-तीन वर्षे लागोपाठ आली, तर शतायुषी झाडही उभ्याउभ्या वठते.

आता गंमत अशी, की बुरशीचे तंतू जेथवर पोचलेलेही नसतात, तेथवरची पाने कोमेजतात. याचा अर्थ बुरशी स्वतः जाण्यापूर्वी आपल्यापुढे काहीतरी पाठवीत असली पाहिजे. ते ‘काहीतरी’ शोधण्याचे काम सार्डिनियातील सासारीचे वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि नेपल्स विद्यापीठातील आंतोनिओ एव्हिदेंते यांच्यासारखे रसायनज्ञ यांनी मिळून हाती घेतले. त्यांची पद्धत सांगावयास सोपी आणि करावयास अत्यंत कंटाळवाणी आहे. बुरशीला साखर व क्षारांच्या द्रवात चंबूंमध्ये वाढवावयाचे. मग तंतू गाळून टाकून उरलेल्या द्रवातून सेंद्रिय द्रावकाने अर्क काढावयाचा. तो अर्क सिलिकाच्या उभ्या नळीतून थेंबथेंब झिरपवून त्याचे एकामागून एक अंश वेगळे करावयाचे. आणि प्रत्येक अंशाच्या पातळ द्रावणात ओकची वा टोमॅटोची कापलेली कोवळी डहाळी उभी करून कोणती डहाळी मान टाकते ते पाहात बसावयाचे. ज्या अंशात डहाळी कोमेजली, तो पुन्हा नळीतून काढावयाचा. असे करीत करीत अखेरीस एकच शुद्ध पदार्थ हाती लागतो. २००३ साली या मंडळींनी अशा रीतीने डिप्लोपायरोन नावाचे विष वेगळे केले, आणि एका मिलिलिटरमध्ये मिलिग्रॅमचा दहावा हिस्साही पुरेसा होऊन ओकच्या डहाळ्या त्यात कोसळल्या. ज्या बुरशीपासून ते काढले, तिची नोंद त्या वेळी दुसऱ्याच नावाखाली होती. कॉर्टिकोला ही जात स्वतंत्रपणे प्रस्थापित झाली ती २००४ साली. पुढे २०१३ साली ट्युनिशियातील ओकवर डिप्लोडियाची आणखी एक जात नोंदली गेली आणि तिच्याकडूनही नवीच विषे मिळाली.

परंतु चंबूत सापडलेले विष म्हणजे रानातल्या गुन्ह्याचा पुरावा नव्हे. साखरपाण्यावर पोसलेली बुरशी पुष्कळ काही निर्माण करील. झाडाच्या अंगात राहून ती तेच करते कशावरून? हा आक्षेप जुना आहे आणि मला तो अजूनही तितकाच सबळ वाटतो. झुरिकच्या गॉयमान या आचार्यांनी १९५४ साली असा धडधडीत सिद्धान्त मांडला, की सूक्ष्मजीव विष उत्पन्न करीत असेल तरच तो रोग उत्पन्न करू शकतो. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड व वॅगनर यांनी मात्र सावधपणाची अट घातली होती, की ज्या विषाचा ठावठिकाणा प्रत्यक्ष रोगी झाडाच्या शरीरात लागेल, जे तेथून शुद्ध स्वरूपात काढता येईल, आणि निरोगी झाडात घातल्यावर रोगाची काही लक्षणे पुन्हा उमटवील, त्यालाच रोगाचे विष म्हणावे. त्या दशकात या वादाला भारतातून जे वजनदार उत्तर गेले ते मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेतून. टी. एस. सदाशिवन यांच्या नेतृत्वाखाली तेथे कापसाच्या मर रोगाचा अभ्यास चालू होता, आणि १९३४ साली जपानमध्ये शोधल्या गेलेल्या फ्युसॅरिक आम्लाचा मागोवा त्यांनी केवळ चंबूत न घेता मरणाऱ्या कपाशीच्या देहात घेतला. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तुरीवरचा मर रोग सांगावा लागत नाही. उभे हिरवे झाड दोन दिवसांत कोमेजून काडी होते, खोड चिरले तर आत काळसर-जांभळी रेघ दिसते. तोही फ्युसॅरियम कुळातलाच उपद्रव.

विष म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर जाळणारा, नासवणारा, पेशी फाडून टाकणारा पदार्थ येतो, आणि बुरशींच्या भात्यात असेही पदार्थ आहेतच. तथापि यातली जी विषे खरोखर नवल वाटावे अशी आहेत, ती झाडाला मारीत नाहीत. ती झाडाला हुकूम देतात. जुन्या राजवटीत एखाद्या हिकमती कारकुनाने सरकारी शिक्का हुबेहूब कोरून खोट्या सनदा काढाव्यात, आणि किल्लेदाराने शिक्का ओळखून इमानेइतबारे दरवाजा उघडावा, त्यातला हा प्रकार. किल्लेदार बेइमान नसतो, दरवाजाही मजबूत असतो. तंतोतंत आज्ञापालन हेच घाताचे कारण ठरते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भाताचे. जपानमध्ये काही भाताची रोपे शेजाऱ्यांपेक्षा वेड्यासारखी उंच वाढत, पिवळी पडत आणि दाणा न धरता आडवी होत. १९२६ साली तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा याने दाखवून दिले, की हे एका बुरशीच्या स्रावाचे कर्तृत्व आहे. तिला न लावता तिच्या गाळलेल्या द्रवात वाढविलेले रोपही तितकेच उंच होते. पुढे याबुता याने या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिले, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी उघडकीस आले, की हा पदार्थ वनस्पती स्वतःही तयार करतात. तो त्यांचा वाढीचा अधिकृत हुकूम आहे, बुरशीने केवळ त्याच्या नकला भरमसाट वाटल्या. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत मणी लांब व टपोरे व्हावेत म्हणून घड ज्या ‘जीए’च्या द्रावणात बुडवतात, तो हाच पदार्थ, भाताचा रोग द्राक्षाचे औषध होऊन बसला आहे. आणि इकडे कोकणात हापूसला मोहोर लवकर व भरपूर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती जे कल्टार ओततात, त्याचे काम नेमके उलटे, म्हणजे झाडाच्या अंगचे जिबरेलिन तयार होऊ न देणे. एकाच महाराष्ट्रात, एकाच हंगामाच्या आगेमागे, एक बागायतदार तो हुकूम पोत्याने विकत घेतो आणि दुसरा पैसे मोजून तो दाबून टाकतो.

बदाम व पीच यांच्या झाडांवरील एका बुरशीपासून १९६४ साली रोम येथे फ्युसिकॉक्सिन वेगळे करण्यात आले. पानांच्या पाठीवर जी सूक्ष्म रंध्रे असतात, ती उघडण्याची आणि मिटण्याची झाडाची स्वतःची यंत्रणा आहे. उन्हाच्या तडाख्यात पाणी वाचविण्यासाठी ती मिटली पाहिजेत. हे विष त्या यंत्रणेतील दोन प्रथिने एकमेकांना अशी जखडून ठेवते, की रंध्रे उघडली ती मिटतच नाहीत. झाड तहानेने व्याकूळ होत असताना त्याचे दरवाजे सताड उघडे. सार्डिनियातल्या ओकची पाने बुरशी पोचण्याआधी का कोमेजतात, याचे उत्तर अगदी हेच असेल असे नव्हे, पण कोमेजण्याला पाणी तुटणे हे एकच कारण लागते असे समजणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

ओट या धान्याची कथा तर अधिक कटू आहे. अमेरिकेत तांबेऱ्याने ओटचे पीक बुडत असे, म्हणून उरुग्वेहून आलेल्या व्हिक्टोरिया नावाच्या वाणातला तांबेरारोधक गुण नव्या वाणांत आणला गेला, आणि त्यांचा प्रसार लक्षावधी एकरांवर झाला. १९४० नंतरच्या दशकात एक अपरिचित बुरशी उठली आणि तिने तेवढीच शेते वेचून जाळली ज्यांत व्हिक्टोरियाचे रक्त होते. बाकीच्या वाणांना तिचे विष लागूच पडत नव्हते. उलगडा व्हावयास अर्धशतकाहून अधिक काळ गेला. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवर जगते. म्हणून रोगरोधक झाडातील पहारेकरी प्रथिन तिची चाहूल लागताच पेशीला आत्मनाशाची ताकीद देते, पेशी मरते आणि तांबेरा उपाशी राहतो. या नव्या बुरशीच्या व्हिक्टोरिन नामक विषाने नेमका हाच पहारेकरी हाताशी धरला. तो खोटीच हाकाटी करी, पेशी आज्ञेप्रमाणे मरत, आणि मेलेल्या पेशींवरच जिचा उदरनिर्वाह चालतो अशी ही बुरशी निवांत जेवत असे. जो गुण पैदासकारांनी मोठ्या हौसेने पेरला होता, तोच दुसऱ्या शत्रूच्या पथ्यावर पडला.

या पार्श्वभूमीवर आंब्याच्या देठातल्या आपल्या आरोपीकडे परत वळले, तर १९७१ सालची एक नोंद विशेष अर्थपूर्ण ठरते. त्या साली ब्रिटनमधील संशोधकांनी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमीच्या द्रवातून रोपांची वाढ खुंटविणारा एक पदार्थ शुद्ध स्वरूपात काढला. त्याचे नाव जॅस्मोनिक आम्ल. त्याचाच एक सुगंधी भाऊबंद नऊ वर्षे आधी, १९६२ साली, चमेलीच्या अत्तरातून वेगळा केला गेला होता. म्हणजे ज्या वासाचा गजरा दादर स्टेशनबाहेर ओल्या फडक्यावर मांडलेला असतो, त्या वासाचा एक घटक आणि हापूस नासवणाऱ्या बुरशीचा एक स्राव हे एकाच घरचे. तेव्हा हे केवळ एक चमत्कारिक योगायोग म्हणून सोडून देण्यात आले. पुढे १९९० साली अमेरिकेत फार्मर व रायन या दोघांनी आपल्या दवण्याच्या गोत्रातले एक रानझुडूप आणि टोमॅटोचे रोप एकाच बंद पेटीत ठेवले, आणि झुडपातून हवेत सुटलेल्या त्या सुगंधी द्रव्यानेच टोमॅटो आपल्या पानांत किडींची पचनशक्ती मारणारी प्रथिने तयार करू लागला, असे सिद्ध केले. आज जॅस्मोनिक आम्ल हा वनस्पतींचा संकटकाळचा अधिकृत इशारा मानला जातो: कीड चावली, जखम झाली, की हा हुकूम सुटतो, वाढ थांबते आणि सारी शक्ती संरक्षणाकडे वळते.

मग बुरशीने तो स्वतः का काढावा? शत्रूने आपल्याच आगमनाची तुतारी का फुंकावी? एक मत असे, की झाडाच्या दफ्तरात संरक्षणाचे दोन विभाग आहेत आणि ते एकमेकांचे हुकूम रद्द करतात. एका विभागाची घाईगर्दी उडवून दिली, की दुसरा आपोआप थंडावतो. या आम्लाचा दुसराही एक ज्ञात परिणाम आहे: त्याने पाने लवकर पिवळी पडतात, ऊती म्हाताऱ्या होतात. मेलेल्या किंवा मरू घातलेल्या ऊतींवर जगणाऱ्या बुरशीला यापेक्षा अधिक काय हवे? माझा स्वतःचा कल या दुसऱ्या मताकडे आहे, परंतु ही रुजवात अद्याप पुरी झालेली नाही, आणि या बुरशीकडे याशिवाय मेलाइन, लॅसिओडिप्लोडिन असे आणखी बरेच पदार्थ असल्याने तिच्या एकाच कृत्यावरून सगळा पंचनामा लिहिता येत नाही.

बागायतदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ही बुरशी सहसा बाजारात, पेटीत किंवा आढीत फळाला लागत नाही. तेथे ती केवळ प्रकट होते. क्वीन्सलंडमधील संशोधकांनी १९९२ साली दाखविले, की ती निरोगी दिसणाऱ्या डहाळीतून मोहोराच्या दांड्यात आणि तेथून देठात उतरते व फळ पोसले जात असताना देठात गुपचूप बसून राहते. कैरीच्या सालीत व चिकात बुरशीनाशक रेसॉर्सिनॉल द्रव्ये असतात, तोवर तिचे काही चालत नाही. फळ पिकू लागले, साखर वाढली आणि ही द्रव्ये ओसरली, की ती हालचाल सुरू करते. ओकमधल्या तिच्या चुलतभावंडांचे वर्तन हेच आहे. झाडाला पाणी मिळते, अन्न मिळते, तोवर ती आत असूनही नसल्यासारखी. अवर्षण पडले, खोड सोलले गेले, की तिची मुदत भरते.

म्हणून देठ तोडण्याची रीत हा निव्वळ टापटिपीचा प्रश्न राहात नाही. फळ ओढून काढले, तर देठ उखडून चीक सालीवर ओघळतो, साल भाजते आणि खोबणीतली जखम उघडी राहते. देठाचा तुकडा ठेवून काढले, तर चीक आतच राहतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जो नूतन झेला बागायतदारांच्या हाती दिला, त्याच्या तोंडाशी असलेले पाते याच कामासाठी, फळ देठासह कापून जाळीत अलगद घेण्यासाठी आहे. काढणीनंतर सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडविण्याचा उपायही सालीलगतच्या बुरशीला बऱ्यापैकी आवरतो. वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात निर्यातीच्या आंब्यावर जी विकिरणप्रक्रिया होते, किंवा युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला जातो, ती मात्र कोयीतला भुंगा व फळमाशी यांच्यासाठी असलेली परदेशांची अट आहे. तिने देठकुजीचा बंदोबस्त झाला असे कोणी समजू नये. आणि घरी आणलेल्या पेटीत एखादे फळ देठाकडून काळे निघाले, तर ते सरळ टाकून द्यावे. वर सांगितलेली विषे झाडांवर चालणारी आहेत, भुईमुगावरच्या अफ्लाटॉक्सिनाप्रमाणे माणसाच्या यकृताशी त्यांचे वैर प्रस्थापित झालेले नाही. पण कुजलेल्या फळात एकच बुरशी नांदते असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

राहता राहिला प्रश्न बागेचा. पावसाळा संपताना आंब्याच्या झाडावर ज्या वाळक्या काटक्या राहून जातात, त्यांच्या सालीवर बारीक काळ्या पुटकुळ्या दिसतात. बोट फिरवले तर खरखरीत लागतात. त्या पुटकुळ्यांत या बुरशीचे बीजाणू साठलेले असतात आणि ओल लागली, की ते बाहेर पडून नव्या जखमांचा, नव्या मोहोराचा शोध घेतात. शेंडेमर झालेली फांदी निरोगी लाकडापर्यंत मागे छाटावी, कापावर बोर्डो मलम लावावे, हे सल्ले प्रत्येक बागायतदाराला पाठ असतात आणि बहुतेक जण ते पाळतातही. परंतु छाटलेल्या त्याच फांद्या पुष्कळदा मांगराच्या भिंतीशी सरपण म्हणून रचून ठेवल्या जातात, झाडापासून वीस पावलांवर, पुढच्या पावसापर्यंत.